संगणकाच्या ग्राफिक्स कार्डाची पारख : ३०६० की ४०६० ?

यंदा संपादक मंडळाने माझ्याकडे लेख मागितला तेव्हा तांदळाची आवक किंवा डाळींचे भाव यांविषयी मी काही लिहीन अशी त्यांची अपेक्षा असावी. परंतु त्या विषयांवर आपल्या संघातील माझ्याहून जाणती मंडळी या स्मरणिकेत दरवर्षी लिहीत आली आहेत. ज्या मालाची मला पारख नव्हती, जो माल मी रोख पैसे मोजून चुकीचा घेतला, आणि ज्यामुळे माझ्या पुतण्याच्या हातचे काम गेले, त्या मालाविषयी लिहिले तर ते अधिक उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हा विषय घेतला आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. जे लिहितो ते पुतण्याकडून समजून घेतलेले, कंपनीने छापलेल्या आकड्यांशी ताडून पाहिलेले आणि थोडेबहुत पदरच्या पैशांनी शिकलेले आहे.

माझे दुकान डिचोलीस, धाकट्या भावाचे पेडण्यास. भावाचा मुलगा दुकानात बसला नाही. घराचा नकाशा हाती आला की ते घर बांधून झाल्यावर कसे दिसेल याचे हुबेहूब चित्र तो संगणकावर तयार करतो. भिंतीवरचे ऊन, अंगणातील माड, खिडकीच्या काचेतले प्रतिबिंब, सर्व काही त्यात असते. मोप येथील विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने सुटू लागली. तेव्हापासून पेडणे तालुक्यात अशा चित्रांना चांगली मागणी आहे. भावाला मात्र हे पसंत नव्हते. न बांधलेल्या घरांची चित्रे काढून कोणाचे घर चालले आहे, असे तो विचारी. मी मध्ये पडलो आणि संगणकाचा खर्च मी करतो, मुलाला दोन वर्षे द्यावीत, असे भावाकडून कबूल करून घेतले.

आता मुळात हे कार्ड म्हणजे काय ते सांगतो. संगणकाचा पडदा म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळी होय. साधारण पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० असे ठिपके असतात; गुणाकार केल्यास २० लाख ७३ हजार ६०० होतात. चित्र हलते दिसावयाचे तर ते सेकंदास ६० वेळा नव्याने काढावे लागते. म्हणजे दर सेकंदास १२ कोटी ४४ लाखांवर ठिपक्यांचा रंग ठरवावयाचा. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा हुशार मुनिमासारखा असतो. कसलाही अवघड हिशेब तो करील, परंतु ट्रकमधून तीनशे पोती उतरवावयाची झाली तर मुनीम काय कामाचा? तेथे हमालांची टोळी हवी. ग्राफिक्स कार्ड म्हणजे ती टोळी. एकेक कामकरी साधा, परंतु हजारो जण एकाच वेळी एकाच प्रकारचे काम करतात.

अशी कार्डे घडविणाऱ्यांत अमेरिकेतील एनव्हिडिया ही कंपनी आज अग्रभागी आहे. तिची स्थापना १९९३ सालची. १९९९ साली तिने जीफोर्स २५६ नावाचे कार्ड बाजारात आणले आणि तेव्हापासून ‘जीपीयू’ हा शब्द सर्वतोमुखी झाला. आरंभी ही कार्डे खेळांसाठीच घेतली जात. पुढे ध्यानात आले की हजारो कामकऱ्यांची ही टोळी हवामानाचे गणित, औषधांचे संशोधन आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांनाही तितकीच उपयोगी आहे. पुण्याच्या सी-डॅक संस्थेत २०२० साली उभा राहिलेला ‘परम सिद्धी-एआय’ हा महासंगणक याच कंपनीच्या मोठ्या जीपीयूंवर चालविण्यात आला, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये जगातील पाचशे महासंगणकांच्या यादीत त्याला ६३ वे स्थान मिळाले. पुतण्याच्या पेटीत बसणारे कार्ड त्याच कुळातले, फक्त घरगुती मापाचे.

असो. २०२३ साली चतुर्थीच्या तोंडावर आम्ही दोघे म्हापशाला गेलो. पुतण्याने घरून निघतानाच कागदावर ‘आरटीएक्स ३०६०, १२ जीबी’ असे लिहून आणले होते. दुकानदार म्हणाला, ‘‘शेठ, हा जुना माल. २०२१ च्या फेब्रुवारीतला. आता जूनअखेर ४०६० आले आहे. चालते वेगात, वीज खाते कमी, आणि कंपनीचा भावही उतरला आहे.’’ यातील एक शब्दही खोटा नव्हता, हे मला येथे स्पष्ट नमूद केले पाहिजे. अमेरिकेत ३०६० चा प्रारंभीचा भाव ३२९ डॉलर होता, ४०६० चा २९९ डॉलर. पुतण्या हळू आवाजात म्हणाला, ‘‘काका, मेमरी कमी आहे त्यात.’’ चतुर्थीचा बाजार होता, दुकानात गिऱ्हाईक खोळंबले असेल याची मला घाई. मी म्हटले, नवे ते नवे, हेच घे. तांदळाच्या धंद्यात आयुष्य गेले, वर्ष काढलेला जुना तांदूळ आम्ही नव्याहून चढ्या भावाने विकतो, आणि त्या दिवशी मात्र नुसत्या नव्या आकड्यावर भुललो.

आता दोन्ही मालांचे माप समोरासमोर ठेवू. ३०६० मध्ये ३५८४ कामकरी आहेत, ज्यांना कंपनी ‘कुडा कोअर’ म्हणते. ४०६० मध्ये ३०७२ आहेत. नव्यात कामकरी कमी कसे, हा प्रश्न मलाही पडला. उत्तर त्यांच्या चपळाईत आहे. ३०६० चा कमाल वेग १७७७ मेगाहर्ट्झ, तर ४०६० चा २४६० मेगाहर्ट्झ. प्रत्येक कामकरी एका ठोक्यात दोन क्रिया करतो. तेव्हा संख्या, वेग आणि दोन यांचा गुणाकार केला की एकूण शक्ती निघते. ३०६० ची ती सेकंदास सुमारे १२.७ लाख कोटी क्रिया आणि ४०६० ची सुमारे १५.१ लाख कोटी. म्हणजे नवे कार्ड कागदावर १८ ते १९ टक्के सरस ठरते. कंपनीनेही स्वतःच्या जाहिरातीत, वाढीव युक्त्या न धरता, ४०६० हे ३०६० च्या सुमारे १.२ पट म्हणूनच सांगितले होते. येथवर हिशेब चोख जुळतो.

विजेचा फरक तर याहून मोठा आहे. ३०६० पूर्ण भाराने १७० वॅट वीज घेते, ४०६० फक्त ११५ वॅट. कारण असे की पहिल्याची चिप सॅमसंगच्या ८ नॅनोमीटर पद्धतीची आहे, आणि दुसऱ्याची तैवानच्या टीएसएमसी कंपनीच्या त्याहून बारीक पद्धतीची. दिवसाला आठ तास पूर्ण काम धरले तर ५५ वॅटांच्या फरकाने रोज ०.४४ युनिट, आणि वर्षाचे ३०० दिवस धरल्यास १३२ युनिट वाचतात. आपापल्या बिलावरचा दर लावून ज्याने त्याने रुपये काढावेत. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कितीदा जाते हे वाचकांना सांगावयास नको; इन्व्हर्टरवर काम करणाऱ्यास हे ५५ वॅट पैशांहूनही अधिक जाणवतात.

येथवर वाचून कोणीही म्हणेल की ४०६० च घ्यावे. मीही तेच म्हणालो होतो. परंतु हमाल कितीही चपळ असले तरी माल ठेवावयास जागा आणि आणावयास दार हवे, ही गोष्ट ज्याने गोदाम चालविले आहे त्याला तरी सुचावयास हवी होती.

कार्डाच्या स्वतःच्या गोदामाला मेमरी म्हणतात. ३०६० मध्ये ती १२ जीबी, ४०६० मध्ये ८ जीबी. त्या गोदामाच्या दाराची रुंदी बिटांत मोजतात. ३०६० चे दार १९२ बिट, ४०६० चे १२८ बिट. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणून १९२ ला ८ ने भागले की २४, आणि मेमरीचा वेग १५ असल्याने २४ गुणिले १५ म्हणजे सेकंदास ३६० जीबी माल आतबाहेर होतो. ४०६० मध्ये १२८ भागिले ८ म्हणजे १६, आणि मेमरीचा वेग १७. गुणाकार २७२ जीबी. नव्या मालात दार अरुंद झाले ते असे. कंपनीला हे ठाऊक नव्हते असे नाही. तिने चिपच्या आतच एल-२ नावाची लहान कोठी ३ एमबीवरून २४ एमबीपर्यंत वाढविली. वारंवार लागणारा माल गल्ल्याजवळच ठेवावा म्हणजे वखारीत खेपा घालाव्या लागत नाहीत, ही युक्ती आपण दुकानात रोज करतोच. खेळांमध्ये आणि साध्या पडद्यावर ही युक्ती चांगली साधते. परंतु गल्ल्याजवळ चार पोती अधिक ठेवल्याने वखार मोठी होत नाही.

आमचे नेमके तेथेच अडले. दिवाळीपूर्वी पुतण्याला एका वसाहतीचे काम मिळाले. बारा घरे, मधोमध बाग, पोहण्याचा तलाव, आणि ही सर्व सोळा चित्रांत दाखवावयाची. तो ब्लेंडर नावाच्या विनामूल्य प्रोग्रामवर काम करतो. एकेका झाडाची हजारो पाने, फरशीचा पोत, गवत, हे सारे कार्डाच्या मेमरीत एकदम मांडल्याखेरीज चित्राला आरंभच होत नाही. पहिली दोन-तीन चित्रे, ज्यांत एकेकच घर होते, ती भराभर झाली. तेथे ४०६० खरोखरच वेगवान होते. संपूर्ण बागेचे चित्र घेतल्याबरोबर मात्र पडद्यावर मेमरी संपल्याची सूचना आली आणि काम थांबले. पुतण्याने दुसरा उपाय केला. जो माल कार्डात मावत नाही तो संगणकाच्या सामान्य मेमरीत ठेवून तेथून आणावयाचा. हा रस्ता लांबचा. त्यातही ४०६० च्या वाट्याला मदरबोर्डाशी जोडणाऱ्या फक्त ८ वाटा आहेत, ३०६० ला १६ होत्या. शिवाय आमचा मदरबोर्ड जुन्या धर्तीचा, त्यामुळे त्या वाटांचा वेगही निम्मा. जे चित्र तासाभरात व्हावयाचे ते रात्रभर चाले, आणि मध्ये वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. शेवटी झाडे कमी करून, पोत हलके करून चित्रे दिली. ती दिवाळीनंतर पोचली. पार्टीने पैसे दिले, परंतु पुढच्या टप्प्याचे काम दुसऱ्यास दिले. भाऊ काहीही बोलला नाही, आणि मला तेच अधिक लागले.

दोष कार्डाचा नव्हता आणि दुकानदाराचाही नव्हता. आठ जीबीचा माल आठ जीबीच भरला. ज्याने पोत्यात सळई घालून नमुना काढल्याखेरीज कधी सौदा केला नाही त्याने येथे नुसता मार्का वाचून सौदा केला, इतकेच.

मग आम्ही १२ जीबीचे ३०६० शोधावयास निघालो, आणि या बाजारातील खरी फसगत तेव्हा कळली. एका ठिकाणी कार्ड दाखविण्यात आले. खोक्यावर ३०६०, कंपनी तीच, रंग तोच, भाव थोडा कमी. या वेळी मी चष्मा लावून खोक्याची चारही अंगे वाचली. कोपऱ्यात ‘८ जीबी’ असे बारीक छापलेले होते. २०२२ च्या अखेरीस याच नावाने ८ जीबीचे दुसरे ३०६० बाजारात आले आहे. त्याचे दार १२८ बिट आणि मालाची उलाढाल सेकंदास २४० जीबी, म्हणजे मूळच्या दोन तृतीयांश. कामकऱ्यांची संख्या तीच असल्याने जाहिरातीत फरक दिसत नाही, कामात मात्र स्पष्ट जाणवतो. एकाच मार्क्याच्या दोन पोत्यांत दोन प्रतींचा माल भरून विकला तर आपल्या बाजारात काय बोलले जाईल? येथे ते कायदेशीर आहे, कारण आकडा खोक्यावर छापलेला असतो. वाचावयाचे काम गिऱ्हाइकाचे.

वापरलेले कार्ड घेणाऱ्यास आणखी एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. एका विक्रेत्याने मला आवर्जून सांगितले की हे कार्ड ‘मायनिंगचे नाही’. मी डिचोलीचा माणूस. मला वाटले, खाणीच्या लाल धुळीत ते राहिलेले नाही असे त्यास म्हणावयाचे आहे. पुतण्या हसू लागला. इथेरियमसारखे आभासी चलन मिळविण्यासाठी लोक शेकडो कार्डे रात्रंदिवस जुंपून ठेवीत, त्यालाही मायनिंगच म्हणतात. ३०६० बाजारात आणतानाच कंपनीने त्या कामात त्याचा वेग अर्धा राहील अशी कळ घातली होती, परंतु मार्च २०२१ मध्ये तिच्याच एका चाचणी-आवृत्तीमुळे ती कळ सुटली. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमची पद्धत बदलली, ते काम कार्डांकडून कायमचे गेले, आणि जुंपलेली कार्डे ढिगाने विक्रीस आली. त्यातील सर्वच वाईट असतात असे नाही; पण पंखे झिजलेले असतात आणि हमी संपलेली असते. जुने कार्ड घेताना ते विक्रेत्यासमोर चालवून पाहावे, आणि जीपीयू-झेड नावाचा विनामूल्य प्रोग्राम लावून मेमरी व बिटांचे आकडे तपासावेत. तो प्रोग्राम म्हणजे आपल्या हातची सळई आहे.

४०६० च्या बाजूनेही राहिलेले सांगितले पाहिजे, नाहीतर माझ्या रागापायी लेख एकांगी होईल. त्यात ‘फ्रेम जनरेशन’ नावाची सोय आहे, जी ३०६० ला नाही. दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये एक चित्र यंत्र आपल्या अंदाजाने काढते आणि खेळ अधिक सुरळीत दिसतो. डोळ्याला ते सुखावह असेल. पण जाहिरातीतील मोठमोठे आकडे बहुधा अशी मधली चित्रे धरून केलेले असतात, आणि पुतण्याच्या कामास त्यांचा उपयोग शून्य. चलच्चित्रे तयार करणाऱ्यांना मात्र ४०६० मधील एव्ही-१ या नव्या पद्धतीने चित्रपट साठविण्याची सोय लाभदायक आहे; ३०६० तशी चित्रे दाखवू शकते, तयार करू शकत नाही. जो साध्या पडद्यावर खेळ खेळतो, लहान चित्रे करतो, ज्याच्या पेटीत जागा थोडी आणि इन्व्हर्टर लहान, त्याने ४०६० घ्यावे असेच मी सांगेन. ज्याला मोठा देखावा एकाच वेळी मांडावयाचा आहे, किंवा घरच्या संगणकावर कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग करावयाचे आहेत, त्याने वेगाआधी मेमरी पाहावी.

यानंतर मे २०२५ मध्ये ५०६० आले आहे. त्याचा भाव पुन्हा २९९ डॉलर, कामकरी ३८४०, वीज १४५ वॅट. नव्या जातीच्या मेमरीमुळे उलाढाल ४४८ जीबीपर्यंत गेली, म्हणजे दाराचे दुखणे बरे झाले. मेमरी मात्र आठच जीबी. डॉलरच्या भावास रुपयाने गुणून आपल्याकडचा भाव निघत नाही, कारण वर वाहतूक, विक्रेत्यांचा नफा आणि १८ टक्के जीएसटी येतो. ज्यांची पेढी नोंदलेली आहे आणि जे कार्ड धंद्यासाठी घेत आहेत त्यांनी पेढीच्या जीएसटी क्रमांकासह बिल घ्यावे. तांदूळ-डाळीतील ज्या सुट्या मालावर करच नाही, त्याच्या व्यवहारात याची सवय राहत नाही, म्हणून मुद्दाम लिहिले. आमचे पहिले बिल माझ्या वैयक्तिक नावावर झाले, तोही भुर्दंड बसला.

आपल्यातील पुष्कळांना प्रश्न पडेल की दुकानातील हिशेबाच्या संगणकास कोणते कार्ड घालावे. कोणतेच नाही. टॅली, ई-वे बिल, बँकेचे व्यवहार यांस प्रोसेसरमध्येच असलेली चित्रांची सोय पुरते; फक्त संगणक घेताना ती त्यात आहे एवढे विचारून घ्यावे. मागील वर्षी आपल्याच एका सभासदाला हिशेबाच्या संगणकात महागडे कार्ड घालून देण्यात आले होते. त्याने मला ते अभिमानाने दाखविले, तेव्हा माझ्याच्याने काही बोलवले नाही.

आमचे ४०६० साखळीच्या एका विद्यार्थ्याने विकत घेतले. तो त्यावर खेळतो आणि अत्यंत समाधानी आहे. १२ जीबीचे ३०६० पुतण्याच्या पेटीत बसले त्या रात्री त्याने जुन्या वसाहतीचे बागेचे चित्र, सर्व झाडांसह, पुन्हा लावून पाहिले. मला ते सकाळी फोनवर आले. काम गेलेलेच होते, चित्र कोणाला द्यावयाचे नव्हते. भावाने ते पेडण्याच्या दुकानात गादीच्या वर लावले आहे, आणि इन्व्हर्टरला मोठी बॅटरीही त्यानेच आपल्या खर्चाने बसवून दिली.